वर्कशीटवर त्याला शून्य आलं आणि वर्ग हसला

पत्र पुण्यातून आलंय, एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवणाऱ्या बाईंचं. लांबलचक आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं सांगते. हवामान बदलाचा तास होता. बाईंनी नेटवरून कार्बन फूटप्रिंटचं, म्हणजे आपल्या वापरामुळे हवेत किती कार्बन जातो ते मोजायचं, एक वर्कशीट काढलं, घरात एसी किती, गाड्या किती, वर्षात विमानानं किती वेळा गेलात, आठवड्याला बाहेरून पार्सल किती, प्रत्येकाला आकडा आणि शेवटी बेरीज, ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो पृथ्वीचा मित्र. वर्गात आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर आलेला एक मुलगा आहे, आई कचरावेचक, वडील बिगारी कामावर, पत्र्याच्या एका खोलीत पाच माणसं. त्याची बेरीज आली शून्य. मागच्या बाकावरनं कुणीतरी ओरडलं, "टीचर, तो जिंकला, त्याच्याकडे काहीच नाहीये!" आणि वर्ग हसला. तेव्हापासून हा मुलगा हात वर करत नाही, डबा एकटा खातो.

बाईंना रात्रभर झोप आली नाही. पुढच्या तासाला त्यांनी धूर कोण जास्त सोडतं आणि भोगतं कोण, हे मुलांना समजावून सांगितलं, तर संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पालकांचा मेसेज, आमच्या मुलांना गिल्टी का वाटायला लावताय, शाळेत पॉलिटिक्स नको. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल मॅडमनी बोलावून सांगितलं, झाडं लावा, प्लास्टिक टाळा, एवढंच शिकवा. आता बाई विचारतायत की हा विषय सोडूनच देऊ का, की त्या मुलाच्या आईला वर्गात बोलवून तिचं आयुष्य मुलांपुढे मांडू, म्हणजे तरी त्यांना कळेल?

आता उत्तर. पत्रात तू मला ताई म्हटलंयस, म्हणून मी सरळ अगं-तुगं करते.

आधी त्या मुलाचं, बाकी सगळं नंतर. वर्गासमोर माफी मागू नकोस. मला माहितीये तुझ्या मनात ते येत असणार, कारण मोकळं वाटतं आपल्याला, पण त्याच्यासाठी तो तास पुन्हा एकदा घडतो, पुन्हा तीस माना त्याच्याकडे वळतात. त्याला एकट्याला गाठ, तेही मुद्दाम स्टाफरूममध्ये बोलवून नको, वह्या उचलायला किंवा नकाशा गुंडाळायला मदतीला घे आणि हात कामात असताना सांग की "त्या दिवशीचं वर्कशीट चुकीचं होतं, मी ते द्यायलाच नको होतं, परत देणार नाही." बास. तो काही बोलेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. बारा वर्षांचा मुलगा आहे, "इट्स ओके टीचर" म्हणेल आणि निघून जाईल, आणि ते ओके नसेलच, पण त्याला एवढं कळलेलं असेल की चूक त्याच्या घरात नव्हती, कागदात होती. डब्याचं मात्र बघ. दोन-तीन मुलांचा एखादा गट करून काम दे, मधल्या सुट्टीपर्यंत लांबेल असं, मुलं आपोआप एकत्र खातात.

आणि जो ओरडला त्यालाही वर्गात झापू नकोस. त्यानं काय केलं, तर कागदावर जे छापलं होतं ते मोठ्यानं वाचलं. कमी बेरीज तो जिंकला, हे त्या वर्कशीटमध्येच होतं.

हे वर्कशीट प्रकरण जरा नीट बघू, कारण सगळी गाठ तिथेच बसलीये. आपल्या स्वतःच्या घरापुरता कार्बन फूटप्रिंट मोजायचा ही कल्पना लोकांच्या तोंडी कुणी बसवली माहितीये? बीपी ही जगातली बडी तेल कंपनी, तिनं २००४ च्या सुमारास जाहिराती करून आणि वेबसाइटवर कॅल्क्युलेटर टाकून ती घराघरात नेली. म्हणजे तेल काढणारा बाजूला, आणि आपण सगळे आपापल्या घरातले बल्ब मोजत बसलोय. मोजणं वाईट असं मी म्हणत नाही. पण त्या कागदात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की जितकं कमी वापराल तितकं चांगलं, मग ते कमी का आहे याची चौकशीच नाही. ज्यानं एसी असून बंद ठेवला आणि ज्याच्याकडे पंखासुद्धा धड चालत नाही, दोघांना एकच शाबासकी. मला विचारशील तर सगळ्यात मोठा अन्याय तो आहे, हसण्यापेक्षाही मोठा. त्या मुलाचं शून्य म्हणजे पुण्य नव्हे गं. ती त्याची येणे बाकी आहे. त्याला अभ्यासाला दिवा, उकाड्यात पंखा, आईला गॅस, हे सगळं अजून मिळायचंय, आणि ते मिळताना त्याची बेरीज वाढणार आहे आणि वाढायलाच हवी. मग एकूण हिशोब जुळवायचा तर दुसऱ्या कुणाची तरी बेरीज कमी व्हायला लागणार. क्लायमेट जस्टिस, हवामान न्याय, काय म्हणायचं ते म्हण, माझ्या मते विषय एवढाच आहे, हा देण्याघेण्याचा हिशोब. आणि हिशोब सातवीच्या मुलांना छान येतो.

ज्या पालकांनी पॉलिटिक्स म्हटलं ना, त्यांच्याशीसुद्धा याच वाटेनं बोलता येतं, आणि भांडण न होता. आपला देश जगात जाऊन काय सांगतो? १९९२ ला रिओमध्ये जगातले देश जमले आणि जो करार झाला त्यात हे तत्त्व लिहिलं गेलं की जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. भारत तेव्हापासून तेच धरून बसलाय आणि बरोबरच आहे. एका भारतीय माणसामागे वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड, जगाची सरासरी पावणेपाचच्या आसपास, अमेरिकन माणसामागे १४ टनांच्या पुढे. कुठल्याही पालकाला विचार, आपण आणि अमेरिका सारखेच जबाबदार का? लगेच म्हणतील छे, त्यांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळला, आता आम्हाला कशाला अक्कल शिकवतात. म्हणजे हवामान न्याय त्यांना पटलेलाच आहे की, देशादेशांत पटलाय. तेच गणित देशाच्या आत, शहराच्या आत, एका रस्त्याच्या दोन बाजूंना लावायचं, एवढंच पाऊल उरतं. ऑक्सफॅम या विषमतेवर काम करणाऱ्या संस्थेचा २०२३ चा रिपोर्ट आहे, २०१९ सालचा हिशोब, जगातले वरचे एक टक्का श्रीमंत १६ टक्के उत्सर्जन करतात, आणि खालचे ६६ टक्के लोक सगळे मिळून तेवढंच. हा आकडा मुलांना फळ्यावर शंभर ठिपके काढून दाखव. एका ठिपक्याला रंग, मग सहासष्ट ठिपक्यांना दुसरा रंग. बोलू नकोस काही. त्यांना बघू दे.

पण सुरुवात तिथून करू नकोस. ठिपके शेवटी. सुरुवात कुठून करायची ते सांगते, त्याआधी माझी एक गोष्ट.

मी पहिली चौदा वर्षं बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या शाळांवर काढली. दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा, आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जायचे, मुकादमाची उचल घेतलेली असायची ती फेडायला, आणि पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मागोमाग. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, माणसाचं नावसुद्धा नाही त्यात. तर पहिल्याच वर्षी मी पाणी बचतीचा धडा घेतला. पुस्तकात होतं तसं फळ्यावर लिहिलं, दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादलीनं अंघोळ करा. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमच्याकडं नळच नाही की." उद्धटपणा नव्हता त्यात काही, तिला खरंच वाटत होतं की बाईंना माहिती नसावं, सांगायला पाहिजे.

मी फळा पुसला. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही हंडे मोजले. प्रत्येकानं सांगायचं, काल घरात किती हंडे पाणी आलं, कुठून आलं, कुणी आणलं. विहीर दीड मैलावर, टँकर एक दिवसाआड. हंडा साधारण बारा ते पंधरा लिटरचा धरला आणि मुलांनी माणशी लिटर काढले. मग एका पोरानं तक्त्याकडे बघून विचारलं की बाई, कुणी आणलं या रकान्यात सगळ्या पोरींचीच नावं कशी? मी काही शिकवलं नव्हतं बरं का. रकाना पाडला होता फक्त. त्या दिवशी वर्गात जी शांतता झाली ती मला अजून आठवते, पोरं खाली बघत होती आणि पोरी एकमेकींकडे. नंतरच्या आठवड्यात त्यातल्या दोघा-तिघांनी हंडा उचलला असं मुलींनीच येऊन सांगितलं.

यातून मी शिकले ते असं की फळ्यावर मत लिहू नये, रकाना पाडावा. मुलं मोजतात आणि मत त्यांचं त्यांना सापडतं. तू दुसऱ्या तासाला समजावून सांगितलंस ना, तिथे पालकांना बोलायला जागा मिळाली. मोजलेल्या गोष्टीला पॉलिटिक्स म्हणणं अवघड जातं.

पण एक फरक लक्षात ठेव आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. माझ्या वर्गात सगळ्यांच्याच घरी हंडे होते. तिथे घर मोजलं तरी कुणी उघडं पडलं नाही. तुझ्या वर्गात तसं नाही. म्हणून तुझ्याकडे घर मोजायचंच नाही, कध्धीच नाही. घरात काय आहे, किती खोल्या, कोणती गाडी, सुट्टीत कुठे गेलात, यातलं काहीही नको, अगदी "आपलं घर" म्हणून चित्र काढा हेही नको. शाळा मोजायची. शाळा सगळ्यांची सारखी आहे. आणि त्याची ती सीट २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्याच्या हक्काची आहे, शाळेनं केलेले उपकार नव्हेत, तेव्हा शाळेवर त्याचा बाकीच्यांइतकाच अधिकार आहे, मोजताना तो यजमान असतो, पाहुणा नसतो.

तर थर्मामीटर घे. सहा. साधे भिंतीवर लावायचे, लाल द्रवाचे, पाऱ्याचे नकोत, फुटले की पंचाईत. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की मुलांचे गट पाड आणि एकेका गटाला एकेक जागा दे. एक तुमचा वर्ग, स्लॅबखालचा. एक कॉम्प्युटर लॅब, एसीतली. एक मैदानावरच्या झाडाखाली, एक मैदानावर उघड्यावर (तिथे थर्मामीटर सावलीत धरायचा, वही आडवी धरून, नाहीतर हवेऐवजी उन्हाचंच तापमान मोजलं जातं). एक सगळ्यात वरच्या मजल्यावरचा वर्ग. आणि एक गेटवरची वॉचमनकाकांची केबिन. पुण्यातल्या बऱ्याच शाळांच्या गेटवर ती पत्र्याचीच असते, तुमच्याकडेही असावी. काकांना आधी तू स्वतः जाऊन विचार, चालेल का म्हणून, मुलं येतील, दोन मिनिटं थांबतील. बाराला, एकला, दोनला, तीनला, चार वेळा वाचन, आठवडाभर. ग्राफ काढायचा. भूगोल, गणित आणि विज्ञान तिन्हीचे मार्क देता येतील, प्रिन्सिपॉल मॅडमना ते आवडेल.

त्या ग्राफवर केबिनची रेघ कुठे जाईल ते मी सांगायला नको.

मग मुलं विचारतात. काका दिवसभर तिथे कसे बसतात, त्यांना सुट्टी कधी, पंखा का नाही, तो पत्रा कुणी लावला, आणि लॅबला एसी लावताना केबिनचा विचार का झाला नाही. शेवटचा प्रश्न हाच तुझा धडा. ऊन काही कुणी ठरवून पाडलेलं नाही, पण कुणाच्या डोक्यावर स्लॅब आणि कुणाच्या डोक्यावर पत्रा हे ठरवलेलं असतं, कुणीतरी, कुठल्यातरी मीटिंगमध्ये, बजेट बघून. बारा वर्षांच्या मुलाला हे केबिनपाशी उभं राहिलं की दोन मिनिटांत कळतं, तास घेऊन कळत नाही.

आणि याच्यावर ती काहीतरी करू शकतात, हे सगळ्यात मोलाचं. पत्र्यावर पांढरा रंग, वर हिरवी शेडनेट, आत पंखा, बाजूला माठ. मुलांनी ग्राफ जोडून शाळेला अर्ज लिहायचा. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेनं खूप माणसं गेली, त्यानंतर तिथल्या महापालिकेनं २०१३ ला हीट ॲक्शन प्लॅन, म्हणजे उष्णतेच्या लाटेत काय करायचं याचा आराखडा केला, देशातला पहिलाच, आणि पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग द्यायचं काम त्यातूनच सुरू झालं. म्हणजे ही काही पोरांची गंमत नव्हे, शहरं हेच करतायत. रंग दिल्यावर पुन्हा आठवडाभर मोज. आधीची रेघ आणि नंतरची रेघ.

या सगळ्यात एक होईल. पत्र्याखाली उकाडा कसा कमी करायचा हा प्रश्न निघाला की वर्गात एकाला ते सगळ्यांपेक्षा जास्त माहिती असेल. ओलं गोणपाट टाकायचं, दुपारी पाणी मारायचं, चुना द्यायचा, कुठल्या वेळी दार उघडं ठेवायचं. त्या वेळी त्याच्याकडे बघू नकोस. अजिबात नाही. फळ्याकडे बघून प्रश्न टाक आणि थांब. बोलला तर उत्तर फळ्यावर लिही, जसं कुणाचंही लिहिशील तसं, जादा शाबासकी नको. नाही बोलला तर तोही त्याचा हक्क. आपल्या मुलांवर एक विचित्र ओझं टाकतो आपण, की गरीब आहेस तर गरिबीबद्दल तूच सांग. का म्हणून सांगेल तो? तो शाळेत भूगोल शिकायला आलाय.

त्यावरून तुझा तो आईला बोलवायचा विचार. नको गं. मला कळतंय तुझ्या मनात आदर आहे, पण तिच्या मुलाच्या वर्गात, तो शून्याचा प्रकार झाल्यावर महिन्याभरात, तिनं येऊन आपलं आयुष्य सांगायचं, आणि मुलगा तिसऱ्या बाकावर बसलाय. कल्पना कर. कचरावेचकांचं काम मुलांना कळायलाच हवं, पुण्यात तर नक्कीच, कारण १९९३ पासून इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, कचरावेचकांची संघटना, आणि पुढे त्यातूनच स्वच्छ ही सहकारी संस्था झाली जी पालिकेसोबत घरोघरचा कचरा घेते. कचऱ्यातून कागद, प्लास्टिक, धातू वेगळे काढून परत वापरात पाठवणं हे हवामानासाठी शहरात होणारं मोठं काम आहे, आणि ते करणाऱ्यांना मास्क आणि ग्लोव्ह्जसाठी भांडावं लागतं. हे शिकव. पण कुणाला बोलवायचंच असेल तर पुढच्या वर्षी, वेगळ्या वस्तीत काम करणाऱ्या ताईंना, संस्थेमार्फत, आणि जाणकार म्हणून. डॉक्टरांना बोलवलं की कसं आपण खुर्ची, फुलं, मानधनाचं पाकीट, फलकावर नाव असं करतो, तस्संच. विषय त्यांच्या कामाचा, प्लास्टिक किती प्रकारचं, कुठलं विकलं जातं, कुठलं नाही, सोसायटीतून मिसळून आलेल्या कचऱ्यानं हाताला काय होतं. त्यांना घर कसं चालतं हे विचारायचं नाही. पाहुण्या डॉक्टरांना आपण विचारतो का?

दुसरा एक धडा सुचवते, तुमच्या पुण्याला फार जवळचा. वर्गातल्या ट्यूबलाइटची वायर धरून मागे मागे जायचं. ही वीज येते कुठून? राज्यात वीज एकाच जाळ्यातून फिरते, त्यामुळे नेमकी कुठली म्हणता येत नाही, पण मोठं केंद्र बघायचं तर चंद्रपूरचं औष्णिक, २९२० मेगावॉट, कोळशावर. चंद्रपूर नकाशावर दाखव. मे महिन्यात तिथे ४५ च्या वर पारा जातो, आणि केंद्रीय प्रदूषण मंडळानं २००९ मध्येच त्या भागाला अतिप्रदूषित म्हणून नोंदवलंय. म्हणजे गारवा कॉम्प्युटर लॅबमध्ये आणि राख शेकडो किलोमीटरवर कुणाच्या तरी अंगणात, तुळशीवर. मुलं म्हणतील मग कोळसा बंद करून धरणाची वीज घेऊ, ती स्वच्छ असते. तेव्हा त्यांना मुळशीला ने, जमलं तर खरंच सहलीला ने, बरेच जण विकेंडला गेलेलेच असतात. १९२१ मध्ये तिथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते, सेनापती हे नाव त्यांना त्या लढ्यानं दिलं. धरण शेवटी झालंच, गावं-शेतं बुडाली, पाणी खाली कोकणात भिऱ्याला सोडून वीज तयार झाली आणि मुंबईला गेली. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा वीज स्वच्छ असली तरी जमीन कुणाची गेली हा रकाना पाडावाच लागतो, आज सोलरच्या जमिनींबद्दलसुद्धा हाच प्रश्न विचारायचा असतो. मला हा धडा सगळ्यात आवडतो कारण यात सोपं उत्तर नाही आणि मुलांना हे कळतं की चांगल्या हेतूनं केलेल्या कामाचंसुद्धा बिल कुणाला तरी येतं.

पुराचं शिकवशीलच, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं ते तुझ्या मुलांना आठवत असेल, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा आंबिल ओढा त्यांच्या घरच्यांना. इथे एकच सांगते, पाणी बंगल्यातही शिरलं आणि वस्तीतही, हे मान्य करून पुढे जा, नाहीतर सोसायटीतल्या मुलाला वाटेल आमच्या दुःखाला किंमतच नाही. फरक दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. कुणाच्या गाडीला इन्शुरन्स होता, कुणाचं रेशनकार्ड वाहून गेलं, कुणाचा पंधरा दिवसांचा रोज बुडाला, कुणाला वरचा मजला होता. जगात नेमका हाच वाद चाललाय, नुकसान भरून कुणी द्यायचं, आणि त्यासाठीचा निधी करायला देश २०२२ ला इजिप्तमध्ये कसेबसे तयार झाले. वर्गात एखाद्याच्या घरात त्या पुरानं माणूस गेलं असेल तर मात्र हा धडा घेऊ नकोस, आधी चौकशी कर.

पालकांकडे वळू. ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, तिथे कुणी ऐकायला येत नाही. त्या पालकांना फोन कर, आणि आधी हे मान्य कर की गिल्टी वाटायला लावणं खरंच चुकीचं, कारण ते बरोबर बोलतायत. बारा वर्षांच्या मुलानं एसी विकत घेतला नाही, विमानाचं तिकीट काढलं नाही, त्याला अपराधी ठरवून काय मिळणार, तो एकतर रडेल नाहीतर चिडेल. तुला त्याच्याकडून रडू नकोय, गणित हवंय. मग केबिनचा प्रोजेक्ट सांग. मला वाटतं ऐंशी टक्के पालक तिथेच विरघळतात, कारण मुलगा घरी येऊन वॉचमनकाकांबद्दल बोलतो हे कुठल्या आईबापाला नको असतं? उरलेले विरघळणार नाहीत. त्यांच्यासाठी आणि प्रिन्सिपॉल मॅडमसाठी दोन गोष्टी हाताशी ठेव. शाळेत पर्यावरण शिकवायलाच हवं हा सुप्रीम कोर्टाचा आदेश १९९१ चा आहे. आणि मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये, हो, आपल्या सोलापूरकडच्या नान्नजचा तो माळढोक, त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून सुरक्षित राहणं हा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो. २१ म्हणजे जगण्याचा हक्क, ते कुणालाही पटतं. पण १४ म्हणजे समानता. हवामानाच्या निकालात समानतेचं कलम का आलं, एवढा एकच प्रश्न मॅडमना विचार, त्या शिक्षणातल्याच आहेत, त्यांना उत्तर येईल.

झाडं मात्र लाव हं. मॅडमनी सांगितलंय तर आनंदानं लाव. फक्त कुठे लावायची ते मुलांना ठरवू दे, ग्राफ बघून. बागेत शोभेला नकोत, जिथे रेघ सगळ्यात वर गेलीये तिथे, गेटपाशी, रिक्षावाले काका आणि मावश्या दुपारी मुलांची वाट बघत उभ्या असतात त्या बाजूला. कडुनिंब लाव, करंज लाव. आणि पाणी घालायची पाळी लावशील तेव्हा मुलामुलींची नावं एकाआड एक टाक, आणि त्या मुलाचं नाव हजेरीत जिथे येतं तिथेच येऊ दे, पहिलं नको, शेवटचंही नको.

थर्मामीटर फेब्रुवारीतच आणून ठेव, मार्चमध्ये युनिट टेस्ट लागली की तुला वेळ मिळणार नाही. आणि पहिल्या दिवशी सगळे थर्मामीटर एकाच टेबलावर अर्धा तास ठेवून वाचन घे, एखादा चुकीचा दाखवत असेल तर तेव्हाच कळतं, नाहीतर मुलांचा सगळा आठवडा वाया जातो.